मायक्रोवेव्हने ओली भिंत सुकवणे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ओल्या भिंती, प्लास्टर, जमिनी आणि लाकूडकाम मायक्रोवेव्हने सुकवण्याबद्दल लोक जे प्रश्न पुन्हापुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी, अडचणीचे नंतर. बहुतेक पत्रांत पहिला प्रश्न असतो, "किती दिवसांत सुकेल?" माझ्या मते पहिला प्रश्न "पाणी येतंय कुठून?" हा हवा. घाई असेल तर निदान प्रश्न 4 आणि 7 वाचल्याशिवाय यंत्र सुरू करू नका.

1. मायक्रोवेव्हने भिंत सुकवतात म्हणजे नेमकं काय करतात?

स्वयंपाकघरातल्या ओव्हनमध्ये लहरी तयार करणारा जो मॅग्नेट्रॉन असतो, तसाच इथे असतो. फरक इतकाच की ओव्हनमध्ये लहरी धातूच्या पेटीत कोंडलेल्या असतात आणि इथे त्या धातूच्या कर्ण्यासारख्या तोंडातून भिंतीवर सोडतात. कर्णा भिंतीला टेकवून किंवा अगदी जवळ धरून ठेवतात, एक भाग तापवतात, मग यंत्र पुढे सरकवतात. लहरी आत शिरतात, आतलं पाणी तापतं, त्याची वाफ आणि थोडं पाणी पृष्ठभागाकडे सरकतं आणि तिथून हवेत जातं. ती दमट हवा खोलीबाहेर काढणं हाही कामाचाच भाग आहे. खिडक्या बंद ठेवून यंत्र चालवलं तर भिंतीतलं पाणी छतावर जाऊन बसतं.

2. पाणीच का तापतं? वीट का नाही तापत?

पाण्याच्या रेणूचं एक टोक किंचित धन आणि दुसरं किंचित ऋण असतं. लहरीचं विद्युतक्षेत्र सेकंदाला 245 कोटी वेळा, म्हणजे 2450 मेगाहर्ट्झने, मागेपुढे होतं आणि रेणू त्याच्यामागे वळायला धडपडतात. शेजारच्या रेणूंमुळे त्यांना वेळेवर वळता येत नाही, आणि त्या रेटारेटीत लहरीची ऊर्जा उष्णतेत जाते. कोरड्या विटेत असे मोकळे वळणारे रेणू जवळजवळ नसतात. पदार्थ विद्युतक्षेत्राला किती प्रतिसाद देतो हे सांगणारा आकडा म्हणजे परावैद्युतांक; पाण्याचा तो 80 च्या आसपास आहे, कोरड्या विटेचा चारपाच. म्हणून एकाच भिंतीत जिथे ओल जास्त तिथे उष्णताही जास्त निर्माण होते. या पद्धतीची खरी ताकद तीच.

इथे एक गैरसमज काढून टाकायला हवा. 2450 मेगाहर्ट्झ ही "पाण्याची स्वतःची वारंवारता" नाही. पाणी सर्वात जास्त शोषतं ते खोलीच्या तापमानाला 20 गिगाहर्ट्झच्या (20,000 मेगाहर्ट्झच्या) जवळपास. 2450 चा पट्टा उद्योग, विज्ञान आणि वैद्यक या कामांसाठी राखून ठेवलेला आहे म्हणून वापरतात, आणि शोषण कमी असणं इथे फायद्याचं ठरतं. पाण्याने सगळी ऊर्जा वरच्या वरच गिळली असती तर ती खोलवर पोचलीच नसती.

3. हीटर, पंखे, हवेतली आर्द्रता काढणारं यंत्र, हे सगळं असताना याची गरज काय?

हीटर भिंतीला बाहेरून तापवतो. पृष्ठभाग गरम आणि गाभा थंड राहतो, म्हणजे उष्णता आत जाते आणि पाण्याला मात्र बाहेर यायचं असतं. शिवाय वरचा थर आधी वाळला की आतलं पाणी त्यातून फार हळू येतं. जाड भिंत आपोआप सुकायला दर 25 मिलिमीटरला साधारण एक महिना धरतात. त्या हिशोबाने 30 सेंटिमीटरची भिंत एका बाजूने सुकायला वर्ष जातं.

मायक्रोवेव्हमध्ये गाभा पृष्ठभागाइतका किंवा त्याहून जास्त तापतो. 20 अंशांना पाण्याच्या वाफेचा दाब सुमारे 2.3 किलोपास्कल असतो, 60 अंशांना तो जवळपास 20 होतो. आतून बाहेर ढकलणारा जोर आठपटीहून वाढला. उष्णता आणि पाणी दोन्ही एकाच दिशेला, बाहेरच्या बाजूला, चाललेली असतात.

भिंत पातळ असेल, ओल फक्त वरच्या थरात असेल, हाताशी वेळ असेल, तर पंखे आणि आर्द्रता काढणारं यंत्र पुरेसं आहे. तिथे मी मायक्रोवेव्ह सुचवणार नाही. जाड भिंत, खोलवर मुरलेलं पाणी आणि थांबायला वेळ नाही, अशा ठिकाणी या यंत्राचा खरा उपयोग होतो.

4. एकदा सुकवल्यावर ओल परत येणार नाही ना?

येईल, पाण्याची वाट उघडी असेल तर. हे यंत्र भिंतीतलं पाणी काढतं, येणारं थांबवत नाही. जमिनीतून चढणारी ओल, फुटलेला नळ, छपराची गळती, बाहेरच्या प्लास्टरची भेग, यांतलं जे असेल ते आधी बंद करायचं. पाइप फुटला होता, तो दुरुस्त झाला, आता फक्त सांडलेलं पाणी उरलंय, असं काम या पद्धतीला सर्वात मानवतं.

जमिनीतून चढणाऱ्या ओलीत तिचा उपयोग वेगळा आहे. पायाच्या वर भोकं पाडून पाणी अडवणारं रसायन भरतात, तेव्हा विटेची छिद्रं पाण्याने भरलेली असतील तर रसायनाला शिरायला जागाच नसते. तो पट्टा आधी सुकवून घेतला की रसायन आतपर्यंत पसरतं. पण रसायन न भरता नुसती भिंत सुकवून देणाऱ्याने तुमचं काम अर्धवट केलं आहे. पाणी परत चढतं आणि दोष मात्र पद्धतीला लागतो.

5. भिंत किती ओली आहे हे कसं ठरवायचं? दोन पिना टोचायचं मीटर पुरेसं आहे का?

दिशा कळायला पुरेसं, आकडा कळायला नाही. ते मीटर दोन पिनांमधला विद्युतरोध मोजतं आणि बहुधा लाकडासाठी जुळवलेलं असतं. भिंतीत क्षार असतील तर कोरड्या भिंतीवरही ते ओल दाखवतं.

खात्रीचा मार्ग जुनाच आहे: भोक पाडून भुकटी घ्यायची, वजन करायचं, सुकवायचं, पुन्हा वजन करायचं. ड्रिल हळू फिरवा, कारण तापलेलं पातं भुकटीतली ओल तिथेच उडवतं. तीन खोलींवरून वेगळे नमुने घ्या, उदाहरणार्थ 3, 10 आणि 20 सेंटिमीटर. भुकटी बाहेर येतानाच पुष्कळ सांगते. कोरड्या भिंतीची भुकटी पिठासारखी खाली ओघळते. ओल्या भिंतीची पात्याच्या पिळात चिकटून बसते, रंगाला गडद असते, आणि चिमटीत दाबली की गोळी होऊन तशीच राहते. नमुना लगेच घट्ट झाकणाच्या डबीत टाका. 52 ग्रॅम भुकटी 105 अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत सुकवून 48.6 ग्रॅम उरली, तर ओल 7 टक्के. जिप्समचं प्लास्टर असेल तर 105 वर नाही, 40 अंशांवर सुकवा. कारण प्रश्न 8 मध्ये आहे.

जागेवरच आकडा हवा असेल तर कार्बाइडची बाटली वापरतात. ओली भुकटी आणि कॅल्शियम कार्बाइड बंद पोलादी बाटलीत हलवले की ॲसिटिलीन वायू तयार होतो आणि त्याच्या दाबावरून ओल वाचता येते. हा वायू पेट घेतो, म्हणून बाटली मोकळ्या हवेत आणि ज्योतीपासून लांब उघडायची.

6. किती वेळ आणि किती वीज लागते?

हिशोब तुम्हीच करून पाहा, म्हणजे कोणी "एका दिवसात अख्खी खोली" म्हणालं तर काय विचारायचं ते कळेल. 30 सेंटिमीटर जाडीच्या विटेच्या भिंतीचा एक चौरस मीटर साधारण 500 किलो भरतो. ओल 6 टक्के असेल तर त्यात 30 लिटर पाणी आहे. ती 2 टक्क्यांवर आणायची तर 20 लिटर बाहेर काढावं लागेल. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे 0.68 युनिट ऊर्जा लागते, म्हणजे 20 लिटरला साडेतेरा युनिट. वीट आणि पाणी 20 वरून 60 अंशांवर न्यायला आणखी सहा. एकूण वीसेक युनिट भिंतीत उतरायला हवेत. मॅग्नेट्रॉन विजेचा साधारण दोनतृतीयांश भाग लहरींत बदलतो, म्हणजे मीटरवर 30 युनिट पडले. वर परावर्तन आणि हवेत जाणारी उष्णता वेगळीच.

एक किलोवॅट लहरी सोडणारं यंत्र धरलं तर एका चौरस मीटरला वीस तास होतात. प्रत्यक्षात काही भाग फुकट मिळतो. भिंत कोमट झाली की यंत्र बंद असतानाही पाणी निघत राहतं आणि वाफेसाठी लागणारी थोडी उष्णता खोलीतल्या हवेतून येते. म्हणून थोडा वेळ तापवणं, मग थांबून हवा खेळवणं, पुन्हा तापवणं, असं काही दिवस चालतं. सलग चालवण्यापेक्षा हे वीजही वाचवतं आणि भिंतही.

7. भिंत किती तापवायची? जास्त तापवली तर लवकर सुकणार नाही का?

सुकेल, आणि फुटेलही. भिंत उकळायची नसते, कोमट करायची असते. विटेच्या भिंतीला पृष्ठभागावर 50 ते 60 अंशांच्या पुढे मी जात नाही. गाभा पृष्ठभागापेक्षा गरम असू शकतो, हे सतत ध्यानात ठेवायचं. गाभ्यात पाणी 100 अंशांजवळ गेलं की वाफ तयार होण्याचा वेग छिद्रांतून निसटण्याच्या वेगापेक्षा वाढतो. मग ती स्वतःची वाट स्वतः काढते.

हे मी जवळून पाहिलं आहे. तेलरंग दिलेली भिंत होती आणि यंत्र चालवणाऱ्याने वेळ वाचवायला शक्ती वाढवून ठेवली. आधी कानावर बारीक तडतड आली, तव्यावर पाण्याचे थेंब पडल्यासारखी. मग रंगाखाली लिंबाएवढा फुगा आला, बघता बघता ताटलीएवढा झाला, आणि प्लास्टरचा तुकडा सुटून खाली पडला. त्याच्या मागची बाजू ओलीच होती. इतकी वाफ येऊनही भिंत सुकलेली नव्हती.

तेव्हापासून माझा नियम आहे: तेलरंग, प्लास्टिक रंग, विनाइलचा कागद, चकचकीत लादी, असं वाफ अडवणारं जे काही पृष्ठभागावर असेल ते आधी काढायचं. उष्णतेचं चित्र दाखवणाऱ्या कॅमेऱ्याने पृष्ठभाग पाहत राहायचा आणि गाभ्यात ऑप्टिकल फायबरचा तापमापक ठेवायचा. धातूचा साधा तापमापक चालू लहरींत चुकीचं दाखवतो. तडतड ऐकू आली तर यंत्र लगेच बंद.

लहरी भिंतीत आपटून परततात आणि एकमेकींत मिसळतात, त्यामुळे काही ठिपके शेजारच्या जागेपेक्षा खूप जास्त तापतात. यावर साधा उपाय म्हणजे कर्णा एका जागी ठेवायचा नाही, थोडाथोडा सरकवत राहायचा.

8. कोणत्या साहित्याला चालतं, कशाला नाही?

भाजलेली वीट, सच्छिद्र दगड, चुन्याचं आणि सिमेंटचं प्लास्टर यांना चांगलं मानवतं. घट्ट काँक्रीटला जपून, कारण त्याची छिद्रं इतकी बारीक असतात की वाफ अडकते आणि वरचा पापुद्रा उडू शकतो. मातीची भिंत सुकते, पण झपाट्याने सुकवली तर आकसून तडकते.

जिप्समची गोष्ट वेगळी. त्याच्या स्फटिकातच पाणी असतं. उष्णता वाढली की ते निघून जातं आणि मागे ठिसूळ भुगा उरतो. जिप्सम बोर्ड 52 अंशांच्या वर फार वेळ राहू देऊ नये, आणि जो बोर्ड भिजून मऊ पडला आहे तो सुकवण्यापेक्षा बदललेला बरा.

लाकडात धोका नजरेआड असतो. जाड तुळई बाहेरून हाताला सोसवेल इतकी गरम आणि आतून करपलेली, असं होऊ शकतं. लाकडासाठी शक्ती कमी आणि विश्रांती जास्त ठेवायची. खनिज लोकर चालते. थर्मोकोलमधून लहरी सहज पार होतात, पण शेजारची तापलेली भिंत त्याला वितळवू शकते.

9. भिंतीत सळ्या, वायरी, नळ आहेत. चालेल का?

सळ्या लहरी परत फेकतात. काँक्रीटमध्ये लहरीची लांबी 12 सेंटिमीटरवरून पाचेक सेंटिमीटरवर येते, त्यामुळे 15-20 सेंटिमीटर अंतराच्या सळ्यांमधून लहरी बऱ्यापैकी आत जातात. सळीच्या मागची सावली मात्र ओली राहू शकते, म्हणून शक्य असेल तर दोन्ही बाजूंनी काम करा.

बारीक जाळीचं काय, हा प्रश्न लोक विसरतात. प्लास्टर धरून ठेवायला चिकन मेश लावलेली असेल आणि तिची भोकं सेंटिमीटर-सव्वा सेंटिमीटरची असतील, तर ती लहरींना आरशासारखीच. प्लास्टर तापेल, मागची वीट तशीच राहील. ॲल्युमिनियमचा पातळ कागद असलेलं उष्णतारोधक आवरण त्याहून वाईट, त्याच्या कडांवर ठिणग्या पडतात. काम सुरू करण्याआधी धातुशोधक फिरवायचा तो याचसाठी.

वायरींचा वीजपुरवठा बंद करा. तांबं स्वतः फारसं तापत नाही, पण गरम भिंतीत वायरीचं प्लास्टिक मऊ पडतं. प्लास्टिकच्या नळात पाणी भरलेलं असेल तर ते ओल्या विटेहूनही वेगाने तापतं. दोन्ही तोंडं बंद असतील तर सांधे सुटतात. नळ रिकामे करून उघडे ठेवा.

10. भिंतीला लोणा लागलाय. आधी भिंत सुकवायची की लोणा काढायचा?

पृष्ठभागावरचा लोणा आधी कोरड्या ब्रशने झाडून घ्या. पाण्याने धुतला तर तो विरघळून परत आत जातो. खारट पाणी साध्या पाण्यापेक्षा जास्त लहरी शोषतं, त्यामुळे क्षार असलेला वरचा थर पटकन तापतो आणि खोलवर ऊर्जा कमी पोचते. शक्ती कमी ठेवा, वेळ वाढवा.

पाणी बाहेर येताना क्षारही घेऊन येतं. ते पृष्ठभागावर जमले तर झाडता येतात. फार वेगाने सुकवलं तर ते पृष्ठभागाच्या आतच जमतात आणि वाढणारे स्फटिक विटेचा पापुद्रा सोलून काढतात. भिंत सुकल्यावर क्षार भरलेलं जुनं प्लास्टर काढून टाकणं उत्तम. ते तसंच ठेवलं तर नळ दुरुस्त असूनही भिंत दमट हवेत ओलावते: साधं मीठ हवेतली सापेक्ष आर्द्रता 75 टक्क्यांवर गेली की पाणी ओढून घेतं, कॅल्शियम नायट्रेट तर त्याच्या बरंच आधी. "सुकवूनही ओल येते" या तक्रारींत हे कारण आधी तपासावं.

11. या किरणांनी कॅन्सर होतो का? घरात राहिलं तर चालेल का?

ही किरणं क्ष-किरणांसारखी नाहीत. 2450 मेगाहर्ट्झच्या एका फोटॉनची ऊर्जा रेणूतून इलेक्ट्रॉन उडवायला लागणाऱ्या ऊर्जेच्या लाखाव्या भागाहूनही कमी असते. सुकलेल्या भिंतीत काही उरत नाही, यंत्र बंद झालं की लहरी संपल्या.

म्हणून ती निरुपद्रवी आहेत असं मात्र नाही. त्यांचा धोका भाजण्याचा आहे. डोळ्याच्या भिंगाला उष्णता वाहून न्यायला रक्तपुरवठा नसतो, म्हणून मोतीबिंदूचा धोका. अशा लहरींपासून संरक्षणाच्या मर्यादा सुचवणारा आंतरराष्ट्रीय आयोग आयसीएनआयआरपी, त्याची मर्यादा सर्वसामान्य माणसासाठी दर चौरस मीटरला 10 वॅट आणि कामगारांसाठी 50 वॅट आहे, संपूर्ण शरीरावर 30 मिनिटांची सरासरी धरून. एक किलोवॅटच्या कर्ण्यासमोर हा आकडा कित्येक पटींनी ओलांडला जातो. त्यामुळे यंत्र चालू असताना खोलीत कोणी नको, चालवणाराही नको. दूरनियंत्रण, दार उघडताच बंद होणारं बटण आणि गळती मोजणारं मीटर नसेल तर काम करू देऊ नका. पेसमेकर असलेल्या व्यक्तीने त्या भागात अजिबात येऊ नये. लहरी चालू असताना वायफाय अडखळला तर घाबरू नका, दोघं एकाच पट्ट्यात बोलतात.

12. भिंतीच्या पलीकडे दुसऱ्यांची खोली आहे. तिकडे काही जातं का?

जातं, आणि इथेच माणसं फसतात. ओली भिंत लहरी गिळते म्हणून पहिल्या दिवशी पलीकडे मीटर फारसं काही दाखवत नाही. भिंत जसजशी सुकते तसतशी ती पारदर्शक होत जाते, आणि शेवटच्या दिवशी पलीकडे बरंच काही पोचतं. पहिल्या दिवशीच्या मोजणीवर विसंबू नका, रोज मोजा. पलीकडे धातूचा पत्रा उभा केला तर तो लहरी परत भिंतीत पाठवतो, म्हणजे सुरक्षाही होते आणि ऊर्जाही वाया जात नाही. पत्रा लावणं शक्य नसेल तर ती खोली रिकामी हवी. वरचा आणि खालचा मजलाही यात धरा.

13. घरचा ओव्हन उघडून त्याचा मॅग्नेट्रॉन वापरला तर?

नाही. कृपा करून नाही. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये हजारो व्होल्टचा भार राहू शकतो आणि ओव्हन उघडणाऱ्यांचे जीव त्याने घेतले आहेत. त्यातून वाचलात तरी उघड्या मॅग्नेट्रॉनसमोर प्रश्न 11 मधला धोका कुठल्याही अडसराविना उभा असतो.

14. मग नमुना सुकवायला घरचा ओव्हन, न उघडता, चालेल का?

चालतो. मातीतलं पाणी मायक्रोवेव्हने मोजण्याची प्रमाणित पद्धत आहे, मानकं ठरवणाऱ्या एएसटीएम या संस्थेची डी 4643. थोडं तापवायचं, वजन करायचं, पुन्हा तापवायचं, वजन बदलेनासं झालं की थांबायचं. जिप्सम किंवा लाकूड असेल तर ही वाट घेऊ नका. आणि तो ओव्हन पुन्हा अन्नासाठी वापरायचा नाही.

15. बुरशी आणि लाकूड पोखरणारी कीड मरते का?

पुरेसं तापलं तर मरते. लाकडी पेट्या-फळ्यांच्या आंतरराष्ट्रीय नियमात, आयएसपीएम 15 मध्ये, लहरींनी तापवताना लाकूड पूर्ण जाडीत 60 अंशांवर सलग एक मिनिट राहिलं पाहिजे असं सांगितलं आहे. "पूर्ण जाडीत" हे शब्द महत्त्वाचे, एक कोपरा थंड राहिला तर कीड तिथून पुन्हा पसरते. भिंतीवरची बुरशी मेली तरी तिचे कण ॲलर्जी देतातच, ती खरवडून काढावीच लागते. हा उपाय पुढची लागण रोखत नाही. लाकडातली ओल 20 टक्क्यांच्या खाली राहिली तरच बुरशी परत येत नाही.

16. नवीन काँक्रीट किंवा प्लास्टर लवकर सुकवून काम पुढे न्यायचं आहे. वापरू का?

नवीन काँक्रीट "सुकून" घट्ट होत नाही, पाण्याशी रासायनिक क्रिया होऊन घट्ट होतं. ते पाणी काढून घेतलंत तर ताकद येण्याआधीच क्रिया थांबते. सुरुवातीच्या दिवसांत ते 70 अंशांच्या वर गेलं तर पुढे ओल मिळाल्यावर आतून फुगून तडकण्याचा धोका राहतो. पाणी मारून नीट मुरू द्या. 28 दिवसांनंतर उरलेलं जास्तीचं पाणी काढायला, उदाहरणार्थ लाकडी फरशी बसवण्याआधी, ही पद्धत प्रश्न 7 मधल्या सावधगिरीने वापरता येते.

17. भिंत गोठलेली असेल तर?

बर्फातले रेणू स्फटिकात जखडलेले असतात, ते वळत नाहीत, म्हणून बर्फ लहरी जवळजवळ शोषतच नाही. एखादा ठिपका वितळला की सगळी ऊर्जा तिथेच जायला लागते आणि तो उकळतो, शेजारी बर्फ तसाच. आधी खोली साध्या उष्णतेने गरम करून भिंत वितळू द्या.

18. जुन्या, चित्रं असलेल्या भिंतीवर वापरायचं का?

मी नाही म्हणेन. रंगात धातूची वर्खं, भिंतीत क्षार, मागे कोणत्या काळी काय भरलंय याची नोंद नाही, आणि एकदा सुटलेला पापुद्रा परत येत नाही. तिथे हवा खेळती ठेवून महिनोन्महिने वाट पाहणंच योग्य.

19. काम झाल्यावर रंग कधी लावायचा?

यंत्र बंद झालं त्या दिवशी तर नाहीच. पृष्ठभाग कोरडा दिसतो, पण आतलं पाणी अजून सारखं पसरत असतं. दोनतीन आठवडे थांबा, मग आधीच्या भोकांच्या शेजारी, त्याच तीन खोलींवर पुन्हा नमुने घ्या आणि प्रश्न 5 प्रमाणे वजन करा. आकडे उतरलेले किंवा स्थिर असतील तर वाफ जाऊ देणारा रंग लावा. भिंतीत सर्वात खालच्या जागेचा किंवा सर्वात खोल नमुन्याचा आकडा चढलेला असेल तर रंगाचा डबा बंद ठेवा आणि प्रश्न 4 पासून पुन्हा सुरुवात करा.